घर कुणाच्या नावावर

"तुमचे वकील कुठं आहेत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाहीत साहेब. माझं मीच बोलणार," त्रिशला म्हणाली आणि तिनं मान खाली घातली.

समोर तिचा नवरा अभिनंदन उभा होता. शिरोली एमआयडीसीतली त्याची फौंड्री दिवाळीनंतर बंद पडली होती. कामगारांचे पगार थकले होते. त्यातच बायकोनं घटस्फोटाचा दावा लावला होता. पोटगी ठरवायची तर त्याची मिळकत काय, हे कोर्टाला कळायला हवं होतं. आणि तो कागदच आणत नव्हता. कधी फाईल सापडायची नाही, कधी सीए परगावी गेलेला असायचा.

त्रिशला घरी बसून स्वतःच्या अक्षरात अर्ज काढायची. बँकेत जाऊन, नवऱ्याच्या खात्याचा उतारा पाहिजे म्हणायची. रांगेतली माणसं वळून बघायची. जयसिंगपुरात तिच्या वडिलांनी बस्तीत, जैन देवळात, जाणं सोडलं होतं. दर्शनाला गेलं की कुणीतरी लेकीचं विचारायचंच.

शेवटी न्यायाधीशांचा धीर संपला. "राहतं घर तुमच्या नावावर आहे ना? मग शपथपत्र का देत नाही?"

"हिला एक रुपया द्यायची माझी इच्छा नाही," अभिनंदन म्हणाला. "मी फौंड्रीवर असताना घरी कोण यायचं, ते विचारा हिला."

मागच्या बाकांवर त्याचे कामगार बसले होते. त्रिशलाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो भिंतीकडं बघत होता.

बाहेर व्हरांड्यात तानाबाईनं तिचा हात धरला. तानाबाईचा नवरा फौंड्रीत साचे करणारा मोल्डर होता. भाडं थकल्यामुळं त्यांना खोली सोडायला लागणार होती.

"रडू नगा, वैनी. आमचा पगार बुडवला, तुमची अब्रू घालवली. लाज त्येला वाटाय पायजे, तुमाला कशापायी?"

त्रिशलानं हात सोडवून घेतला. तिला तानाबाईच्या तोंडाकडं बघवेना.

निकाल लागला. मिळकत लपवली म्हणून कोर्टानं ताशेरे ओढले आणि पोटगीपोटी घर त्रिशलाला दिलं. त्या घराचा लिलाव होऊन आपले पगार मिळतील, या आशेवर कामगार होते. ते सायकली काढून गेले.

पंधरवड्यानं, दिवेलागणीला, मागच्या दाराची कडी हळूच वाजली. त्रिशलानं दार उघडलं. ठरल्याप्रमाणं अभिनंदन आला होता.

"वाचलं की घर," तो हसून म्हणाला. "आता कोण हात लावतंय? बोललीस बी झकास. म्हणून म्हटलं, वकील नको. त्यानं खोदून खोदून विचारलं असतं. वर्षभर जाऊ दे, आजऱ्याकडं कुठंतरी गुपचूप परत लग्न लावू."

सगळे अर्ज त्यानंच लिहून दिले होते. तिनं फक्त उतरवून काढले होते.

"घरी कोण यायचं म्हणालात, ते ठरलं नव्हतं," ती म्हणाली.

"खरं वाटाय पायजे की. त्याशिवाय साहेबानं मानलं असतं व्हय?"

"बाबा घराबाहेर पडत न्हाईत."

"पडतील की. लोक इसरत्यात. सरक, आत येऊ दे."

ती सरकली नाही. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"आत कोण हाय?" त्यानं विचारलं.

"तुमच्या मोल्डरचं बिऱ्हाड. कालच आलंय. घर विकेपर्यंत ऱ्हातील. पैसे आले की सगळ्यांचे पगार भागवणार हाय मी."

त्याचं हसू गेलं. "घर माझं हाय, त्रिशला. ठरलं काय होतं आपलं?"

"मग जावा की कोर्टात. काय ठरलं होतं ते सांगा साहेबांना."

त्यानं उंबऱ्यावरचा पाय मागं घेतला.

"कोण आलंय, वैनी?" तानाबाईनं आतून विचारलं.

त्रिशलानं दार पुढं ओढलं.

"कोण न्हाई, तानाबाई. घर चुकलेलं पावणं हायत."