समुद्र दिसणारी खोली

“ताई, खोली हवी का? खिडकीतून समुद्र दिसतो.”

असं म्हणून त्याने मान वर केली. समोर त्याची मुलगी उभी होती.

चूक तशी धंद्यातलीच. जेटीवर गिऱ्हाईक गाठणारा माणूस तोंडं बघत नाही, बॅगा बघतो. पाठीवर सॅक म्हणजे संध्याकाळच्या लाँचने परत. चाकांची बॅग म्हणजे दोन-तीन दिवस. ही बॅग तर कपाटाएवढी होती, वरून दोरीने आवळलेली. कडेवर नात, अर्धवट झोपेत.

“हवी,” मुलगी म्हणाली आणि हसली.

(वाटेत काय उभ्या राहता? सरका की पुढे.)

लाँचमधून माणसं उतरतच होती. आधीच्या लाँचची अजून हलली नव्हती.

आता इथे बापाने लेकीला जवळ घ्यायचं. पण त्याच्या गळ्यात पाटी, पाटीवर घराचा फोटो, आणि पाटीच्या दोन्ही कडा माणसांत रुतलेल्या. त्याने नातीचा पाय तेवढा धरला. त्या पायातली चप्पल गर्दीने खाल्ली होती.

“अगं तायडे, कळवायचं तरी.”

“माझ्याच घरी यायला?”

“तसं नव्हे गं.”

“मी परत जाणार नाहीये, बाबा. काय झालं ते इथे विचारू नका. आधी आईला सांगते, मग तुम्हाला. माझी खोली—”

(ओ पाटीवाले, टॉयलेट कुठंय? ओ. बहिरा आहे का हा?)

त्याने रांगेकडे बोट दाखवलं. रांग पार तिकीटखिडकीपर्यंत आली होती.

“—माझी खोली आहे ना तशीच? फोनवर म्हणालात, पलंगसुद्धा हलवला नाही.”

“पलंग तिथेच आहे,” तो म्हणाला. हे मात्र खरं होतं.

नात जागी झाली. पाटीवरच्या फोटोवर तिने बोट टेकवलं. “हेच ना आपलं घर?”

“हेच.”

“मग फोटो का लावलाय?”

पोरीच्या प्रश्नावर मुलगी हसणार होती. बापाचं तोंड बघून थांबली.

“बाबा?”

“घर आमच्या मालकांना चालवायला दिलंय. ते हॉटेलवाले. मी इथून माणसं नेतो वर.”

“सगळं घर?”

“स्वयंपाकघरातही दोन कॉट टाकल्यात.”

“आणि तुम्ही दोघं?”

“आई मालकांच्या लाँड्रीत असते ना. तिथेच, चादरींच्या गठ्ठ्यांमागे. ऊब असते चांगली.” त्याने हसून बघितलं. जमलं नाही. “मॅनेजर मांजरसुद्धा टिकू देत नाही तिथे, नाहीतर तुम्हाला—”

एवढ्यात त्याची मान खाली ओढली गेली.

काळ्या चष्म्याच्या एका माणसाने पाटी धरली होती. फोटोवर ऊन चमकत होतं म्हणून त्याने ती स्वतःकडे तिरकी केली. पाटीबरोबर दोरी आली, दोरीबरोबर मान. माणूस आपल्या मंडळींशी बोलत होता.

“ही बघा. खिडकी बघा कसली आहे. इथेच काढू फोटो.” मग पाटीला म्हणाला, “कितीजण झोपतील रे?”

“चार, साहेब.”

“आम्ही नऊ आहोत. मॅनेज कर.”

“साहेब, दोरी जरा—”

“आधी दाखव खोली. मग बोल.”

साहेब पाटी सोडेनात. वाकलेल्या बापाला लेकीचं तोंड दिसत नव्हतं. पावलं दिसत होती, आणि बॅगेची चाकं. चाकं थोडा वेळ तशीच राहिली. मग ती लाँचच्या दिशेने वळली.

मान सुटली तेव्हा मुलगी बॅगेची दोरी घट्ट करत होती.

“मी तशी आजच्यापुरतीच आले होते, बाबा. म्हटलं, भेटून जावं. परतीचं तिकीट आहे.”

रोज बॅगा वाचणाऱ्या माणसाला ती हे सांगत होती.

त्याला म्हणायचं होतं, थांब. म्हणायचं होतं, काहीतरी करू, मालकांच्या पाया पडतो, तू इथे सावलीत बस. साहेबांच्या मंडळींतलं कुणीतरी मागून त्याच्या खांद्यावर टिचक्या मारत होतं.

“बरं झालं,” त्याच्या तोंडून आलं. “उद्यापासून तर पाय ठेवायला जागा नसणार.”

मुलीने मान हलवली. “आईला बोलू नका, मी आले होते ते.”

“नाही बोलत.”

कुठे जाणार, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर ती बोलली असती.

(उलटं कुठे चाललात? दिसत नाही, माणसं उतरतायत?)

लोंढ्यातून तिला वाट मिळेना. शेवटी खलाशाने आतून हात घालून आधी पोरीला उचललं, मग बॅग ओढली, मग तिला.

“चल ना रे,” साहेब म्हणाले. “ऊन लागतंय.”

तो नऊजणांना घेऊन चढ चढू लागला. सकाळच्या लाँच भरून येतात आणि रिकाम्या जातात. वळणावर मंडळी फोटोसाठी थांबली, तेव्हा त्याने खाली बघितलं. लाँच सुटली होती. आत बाकांच्या ओळीच्या ओळी मोकळ्या, मधल्या एका बाकावर मुलगी, पाठमोरी. नातीची झोप उडाली होती. एवढी जागा तिने कधी बघितली नसावी. ती या खिडकीतून त्या खिडकीला पळत होती, प्रत्येक काचेला नाक लावून हात हलवत होती, आणि लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की बेटावरून माणसांनी भरलेली एक लाँच चालली आहे.