एकही ओरखडा नाही

“या खुंट्या मूळच्या नाहीत,” मकबूलने गिटारीची मान उजेडात धरली. “जुन्या स्क्रूची भोकं बुजवलेली दिसतायत बघा. हे काम अलीकडचं, दहा-बारा वर्षांपूर्वीचं.”

ऋतिकाने मोबाइलवर टिपून घेतलं. हिंजवडीच्या ऑफिसात तिच्या शेजारी बसणारा केयूर ही गिटार घेणार होता. मात्र मूळचं काय आणि मागाहून बसवलेलं काय, ते जाणकाराला दाखवून कळव, असं त्याने बजावलं होतं.

“त्याला सगळं ओरिजिनल हवंय, काका.”

“मग त्यांना झाडच विकत घ्यायला सांगा,” मकबूल मान वर न करता म्हणाला.

ऋतिकाच्या आजीला, वेणूबाईंना हसू आलं. त्यांचे यजमान हिंमतराव यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. बिबवेवाडीचं घर रिकामं करून त्या आता नातीकडे राहायला जायच्या होत्या. हिंमतरावांच्या गिटारीच्या पेटीत मकबूलच्या या वाद्यदुरुस्तीच्या दुकानाची जुनी चिठ्ठी निघाली, म्हणून आजी आणि नात रिक्षा करून लष्कर भागात आल्या होत्या.

चहा आला.

“गरम आहे हो ताई,” मकबूल म्हणाला. वेणूबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने ग्लास उचलला.

मकबूल पुन्हा गिटारीवर वाकला. “मागची फळी मूळची, पुढचीही मूळची. पण ही पट्टी नाही.” मानेच्या टोकाशी तारा जिच्यातून जातात, त्या हाडाच्या पट्टीवर त्याने नख टेकवलं. त्याने गिटार फिरवली, पुन्हा फिरवली, मानेचा काठ बोटाने चाचपला.

“साहेब डावखुरे होते का?”

“नाही.”

“ही गिटार डावखुऱ्या माणसासाठी उलटवून घेतलीय. जाड तारेच्या जागी बारीक तारेची खाच आहे. मानेवरचे ठिपके या काठाचे बुजवून त्या काठावर बसवलेत. काम मात्र फार सफाईचं.”

“आपल्याकडे डावखुरं कुणीच नाही ना गं आजी?”

“चालायचंच नाही,” वेणूबाई म्हणाल्या. “सासूबाई डाव्या हाताने दिलेलं पाणीसुद्धा परत पाठवायच्या.”

मकबूलने छोटा आरसा आणि बॅटरी गिटारीच्या पोटात घातली आणि एक डोळा मिटून पाहिलं. “अरे! हे तर आमच्या अब्बांचं अक्षर. दुरुस्ती केली की ते आत पेन्सिलीने तारीख टाकायचे. सात मे, शहात्तर.”

वेणूबाईंचं लग्न त्याच वर्षी फेब्रुवारीत झालं होतं.

ऋतिकाने मनातल्या मनात हिशेब केला आणि तो तिच्या तोंडावर दिसला. “आजी... आजोबांच्या कॉलेजातली कुणी...”

“तू फोन बघ.”

लग्नाआधी हिंमतराव एका हौशी वाद्यवृंदात गिटार वाजवत. लग्नानंतर त्यांनी ती कधी वाजवली नाही. नवी नोकरी आहे, वेळ कुठे मिळतो, म्हणायचे. ते पहिले महिने वेणूबाईंना स्पष्ट आठवत होते. घरातलं कुणी उठायच्या आत दारात रांगोळी घालून त्या वळायच्या, तो हिंमतराव उंबऱ्यात उभे. कधीपासून उभे आहात, विचारलं तर म्हणायचे, “हा काय, आत्ताच आलो.” असा माणूस. तोच माणूस त्या मे महिन्यात दुसऱ्या कुणासाठी गिटार घेऊन इथे आला होता.

“ती कोण होती, ते हिच्यावरून कळेल का हो?” वेणूबाईंनी विचारलं.

मकबूलने त्यांच्याकडे पाहिलं. “नाव नाही कळायचं. पण वाजवणारा आपल्या खुणा ठेवून जातो.”

त्याने भिंग काढलं. आधी मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट पाहिले, मग वाजवताना फळीवर ओरखडे पडू नयेत म्हणून तिच्यावर बसवलेलं प्लास्टिक. बराच वेळ घेतला त्याने.

“उजव्या हाताने भरपूर वाजवलीय. या बाजूला पॉलिश घासलंय, फ्रेटला खळगे पडलेत. पण ते सगळं उलटवण्याच्या आधीचं. नंतरचं हे प्लास्टिक बघा. एकही ओरखडा नाही. ताई, जिच्यासाठी केली, तिने हिला हातसुद्धा लावलेला नाही.” त्याने एक तार छेडली. “गंमत अशी, की तारा चांगल्या आहेत. सुरातही आहेत जवळजवळ.”

“दर दसऱ्याला नव्या तारा लावायचे ते,” वेणूबाई म्हणाल्या. “पूजा झाली की गिटार पलंगावर उघडीच टाकायची आणि सगळ्यांना घेऊन चतुःशृंगीला जायचं. सासूबाईंनासुद्धा न्यायचे. मला म्हणायचे, तू थांब घरी, दोन तास कुणी येत नाही. मी आपली चिडून ती पेटीत...”

त्या मध्येच थांबल्या.

बाहेर कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होता. ऋतिकाने एकदा आजीकडे पाहिलं, एकदा फोनकडे. “केयूरला काय कळवू?”

“नाही म्हणून कळव.”

“अगं पण...”

“गिटार विकायची नाही म्हणून सांग त्याला. द्या हो इकडे.”

मकबूलने स्टूल पुढे सरकवलं आणि गिटार त्यांच्या मांडीवर दिली. उलटी गिटार कशी धरायची, ते दाखवायला तो वाकला, पण त्याला काही दाखवावं लागलं नाही. घरातलं कुणी उठायच्या आत वेणूबाई ज्या हाताने रांगोळी घालायच्या, तो डावा हात त्यांनी तारांवर ठेवला.