उलटे ठोके

तपासणीच्या खोलीचं दार बंद झालं आणि धुरपताबाईंनी निकाल लावून टाकला. "पोरीच्या काळजात काही निंगालं, तं सायकल आजच इकून टाकीन."

त्यांची मनाली आत डॉक्टरांच्या ट्रेडमिलवर पळत होती. बाहेरच्या बाकावर आई, वडील तेजराम आणि सायकलिंगचे प्रशिक्षक चंद्रकुमार बसले होते. तिघांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. पुढच्या आठवड्यात राज्याच्या संघाची निवड होती. करडीसारख्या खेड्यातली पोरगी तिथवर पोचली आणि ऐन वेळी हे झेंगट!

घाबरवलं होतं चंद्रकुमारनेच. तो भंडाऱ्याला राहायचा, सराव फोनवरून सांगायचा. मनालीच्या छातीवरचा पट्टा हृदयाचे ठोके मोजायचा आणि त्याचा आलेख संध्याकाळी याच्या मोबाईलवर उमटायचा. सराव सोपा होता. आधी अंग गरम करायचं. मग तीन मिनिटं इंटरव्हल, पाच मिनिटं सोडून परत इंटरव्हल. इंटरव्हल म्हणजे जीव तोडून पॅडल मारायचं, ठोके पाचव्या झोनमध्ये, अगदी वरच्या टप्प्यात न्यायचे. मधल्या पाच मिनिटांत ते खाली उतरू द्यायचे. सायकलवाल्यांच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, मग समजावत काय बसायचं?

पण मनालीचा आलेख उलटाच यायचा. जोर लावायच्या वेळी ठोके धपकन खाली, आरामाच्या वेळी थेट छपराला. चंद्रकुमारने पट्टा बदलून पाहिला, ओला करून बांधायला लावला. फरक शून्य. शेवटी त्याची झोप उडाली आणि तो सगळ्यांना घेऊन डॉक्टरांकडे आला.

दार उघडलं. डॉक्टर हसत होते. "घोड्यासारखं हृदय आहे हो! पळाली की ठोके चढतात, थांबली की उतरतात. कोणी सांगितलं आजारी आहे म्हणून?"

धुरपताबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मोकळेपणी रडून घेतलं. चंद्रकुमारच्या जिवात जीव आला. पण डोक्यातला किडा काही जाईना. डॉक्टरांकडे सुलटं चालणारं हृदय करडीच्या रस्त्यावर उलटं का चालतं?

"मनाली, इंटरव्हल लागला की तू काय करते, सांग बरं."

"उतरतो ना सर. बाबा शिटी मारतेत, 'इंटरव्हल' म्हणतेत. मंग मी झाडाखाली बसतो."

"अन् जोर कधी लावते?"

"इंटरव्हल सुटला का. पाचही मिन्टं, जीव जायेस्तोवर."

चंद्रकुमारने मोबाईलवरचा आलेख पुन्हा उघडला. त्याने मागितली होती तीन मिनिटं. ही पोरगी तोच जोर पाच मिनिटं टिकवत होती! निवडीची उरलीसुरली धास्तीही पळाली आणि त्याला हसू आवरेना.

"तेजरामभाऊ, अहो, इंटरव्हलमध्येच तर तिला पळवायचं होतं!"

तेजराम दर हिवाळ्यात गावोगावच्या नाटकांत राजाची कामं करायचा. त्याला हे बोलणं भलतंच लागलं. तो बाकावरून ताडकन उठला.

"कायच्या गोष्टी करता सर! परदा पडल्यावर राजाबी चा प्याले जाते, अन् इंटरव्हलमंदी माह्या पोरीनं काहून राबावं?"