आजोबांचा दिवा

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी खोटं हॉस्पिटल उभारलं होतं: जुने कॉम्प्युटर आणि व्हेंटिलेटरवरचा रुग्ण म्हणून एक छोटा दिवा. पोरांनी त्याचं नाव ‘आजोबा’ ठेवलं. सायबरसुरक्षेची परीक्षा सरळ होती: कॉम्प्युटरमध्ये घुसून दिवा विझवला, की पैकीच्या पैकी मार्क. कुणालाच जमत नव्हतं. आज ‘मांजर’ टोपणनावाची पोरगी चोरपावलांनी आत पोहोचली. बटण दाबायचं तेवढं राहिलं. सगळे तिच्या खुर्चीभोवती जमले. “दाब गं! आजोबा, टाटा!” तिचं बोट थबकलं. “मॅडम, एका बटणात माणूस जातो?” “जातो.” “मग खऱ्या आजोबांना कोण सांभाळतं?” तिनं बोट मागे घेतलं. “मार्क जातील हं,” मी म्हटलं. “जाऊ देत,” म्हणत ती हॉस्पिटलच्या सुरक्षेत स्वतः पाडलेलं भगदाड बुजवायला बसली. बाकीचे खुर्च्या ओढून मदतीला सरसावले. सगळे गेल्यावर मी रोजच्यासारखी दिवा विझवायला गेले. माझाही हात धजेना.