उलटी चाललेली हळद

"अजून जोरानं, बंडेप्पा! अजून जोरानं!" नरहर मास्तर ओरडले.

बंडेप्पा कोळ्यानं घाटावरून भोपळ्यांची तरंगती सांगड फेकली. मोटेचा नाडा, तो जाड दोर, बांधलेली सांगड भीमेच्या लोंढ्यानं पुरात बुडालेल्या बाभळीला वळसा घालून पार पुढं नेली. बाभळीच्या शेंड्याला मास्तरांचा धाकटा भाऊ गुंडेराव सकाळपासनं लटकला होता. पाणी आता त्याच्या छातीला लागलं होतं.

"पानी मधल्या धारंकडंच वढून न्यायलंय, मास्तर," नाडा ओढून घेत बंडेप्पा म्हणाला. पोहत गेलेला त्याचा भाऊ मघाशीच जेमतेम जीव घेऊन परतला होता.

घाटाच्या खालच्या अंगाला मास्तरांची आई, सत्यभामाबाई, गुडघाभर पाण्यात उभी राहून नदीची ओटी भरत होती. खण सोडला, नारळ सोडला.

"आई, ह्या वेळी पूजा कामून करायलीस? वर ये!"

"तुझं करून बघितलंस न्हवं? माझं मला करू दे."

तिनं मूठभर हळद पाण्यात सोडली. मास्तर बघतच राहिले. नदी खाली धावत होती, आणि हळद काठाकाठानं वर चालली होती. घाटाच्या आडोशाला पोचली, वळली आणि मऊ वेलांटी घेत बाभळीकडं निघाली. त्या वेलांटीतून दुसरी सुटली, दुसरीतून तिसरी. प्रवाहाची ही सगळी वळणं ते सरकारी शाळेत वर्षानुवर्षं फळ्यावर काढत, तिथल्या सक्तीच्या उर्दूतून समजावत आले होते. खडूच्या त्या रेघा अशा श्वास घेतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"काय सुंदर आहे!"

आईनं मान वळवली.

"सुंदर? भाऊ बुडायलाय रे तुझा, नरहर."

 मास्तर ओरडले, "बंडेप्पा, खाली ये! आईजवळून सोड. फेकू नको, नुसती सोड."

"नदी काय उलटी व्हाती व्हय?"

"इथं व्हाती. सोड!"

सांगड माहेरवाशिणीसारखी काठाकाठानं रमत वर गेली, घाटाशी वळली आणि बाभळीकडं निघाली. नाडा बंडेप्पाच्या हातातून हळूहळू सुटत होता. मास्तर काठावरून हाका मारू लागले.

"गुंड्या, धर! धर की रे!"

गुंडेरावचे डोळे उघडे होते. तो सांगडीकडंच बघत होता. पण गारठून फांदीभोवती आवळलेली बोटं सुटेनात.

सांगड त्याच्या छातीला लागली, जराशी मागं सरली. पाण्यानं ती पुन्हा आणून दिली. पुन्हा आणून दिली.