दुटोकी काडी

रोदिओननं हिसका मारला आणि दोरी सैल होऊन पाण्यावर तरंगत आली. टोकाला ना काडी, ना आमिषाचा बेडूक.

"सुटला," तो म्हणाला.

"सुटला नाही. तू सोडलास." सासूचा आवाज चढला नव्हता, पण हातातला सुरा तिनं वाळूत मुठीपर्यंत खुपसला.

तिसरा दिवस होता. लाल आंबट फळं वेचायला म्हणून पलाग आणि तिचा जावई पेचोरा नदीच्या या उपनदीतून वर आले होते. जावयानं नाव कुजक्या खुंटाला बांधली. पाणी वाढलं, नाव गेली, नावेतला पाव गेला, जाळंही गेलं. गाव वीस कोस खाली, आणि मध्ये सगळी दलदल. लोक शोधायला निघाले तरी पोचायला आणखी दोन दिवस. तोवर पोटात फक्त ती फळं. आज सकाळी रोदिओन उभा राहिला आणि भोवळ येऊन खाली बसला, तेव्हा मासा धरायचं ठरवून पलागनं कमरेचा सुरा काढला होता.

त्यानं आधी स्वतःच लाकडाचा एक गळ कोरला होता. मोबाईलवर कुठंतरी पाहिलेला, छान वाकडा. पाण्यात टाकला तर तरंगला. दगड बांधून बुडवला तर मोडला. पलागनं तिकडं पाहिलंही नाही. तिनं जुनिपरच्या झुडपाची करंगळीएवढी काडी तोडली, दोन्ही बाजूंना टोक काढलं, विस्तवावर शेकून कडक केली आणि बरोबर मध्यावर दोरी बसेल अशी खाच पाडली. दोरीसाठी खाजरीच्या, अंगाला लागली की आग होते त्या झुडपाच्या, वाळक्या दांड्या ठेचून धागे काढले आणि दुपारपर्यंत मांडीवर वळत बसली.

"याला तर वाकच नाही," तो हसला होता.

"मासा गिळतो तेव्हा ही उभी जाते. दोरी ताणली की पोटात आडवी होते. पण गिळेपर्यंत थांबायचं. हात हलवायचा नाही." एवढं सांगून ती लाकडं आणायला वळली, तेवढ्यात हा हिसका.

"आई, मला वाटलं..."

"तुला वाटलं!" तिनं नवी काडी तासायला घेतली. सालपटं उडायला लागली. "काही हललं की ओढायचं, एवढंच येतं तुला. माझ्या पोरीलाही असाच हिसका मारून नेलास. पाहुणा म्हणून आलास आणि पंधरा दिवसांत तिला शहरात घेऊन गेलास. तिच्यासाठी लोकरीचे मोजे विणायला घेतले होते मी. एकच झाला होता, एकच!"

रोदिओन तीन वर्षं या बाईपुढं गप्प बसत आला होता. आज पोटात काही नव्हतं, आणि गप्प बसायलाही ताकद लागते.

"मी नाही नेलं तिला."

"मग काय नदीनं नेलं?"

"मी तुमच्या गावातच राहतो म्हणत होतो. लाकडाच्या वखारीत कामही बघितलं होतं. तुमची तैस्याच म्हणाली, तू नाही आलास तर मी एकटी जाईन. आणि आईला सांग म्हणाली, की तूच मला नेतोयस." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "तुमचा राग तिला सोसला नसता. मला सोसेल, असं तिला वाटलं."

पलागच्या हातातली काडी मोडली.

तिनं दुसरी घेतली. तासली, शेकली, खाच पाडली, दोरी बांधली, बेडूक अडकवला. ढग खाली आले होते आणि डोहाचं पाणी काळं दिसत होतं. तिनं दगड बांधून दोरी सोडली आणि बोटाला एक वेढा घेतला.

थोड्या वेळानं बोटावरचा वेढा हलला. आणि जिनं चाळीस वर्षं या नदीत मासे धरले, त्या पलागच्या हातानंच घाईनं हिसका मारला. काडी वर आली. बेडकाचं एक तंगडं तेवढं राहिलं होतं.

रोदिओननं पाहिलं. तो काही बोलला नाही, याचाच तिला जास्त राग आला.

तिनं तंगडंच पुन्हा घट्ट बांधलं आणि दोरी त्याच्यापुढं धरली. "धर. आणि मी सांगायच्या आत हललास तर याद राख."

तो वाळूवर गुडघे टेकून बसला. बराच वेळ काही झालं नाही. मग दोरी थरथरली. त्याचे दात एकमेकांवर आवळले गेले, पण हात तसाच राहिला. दोरी हळूच सरकली, थांबली, पुन्हा सरकली.

"आता?"

"नाही." तिची नजर पाण्यावर होती. "सुखात आहे का ती तिथं?"

"रोज नसते," तो म्हणाला. "पण परत यायचं म्हणत नाही."

दोरी आता एका बाजूला संथपणे जात होती. पलागनं ती जाऊ दिली. हातभर, दोन हात.

"ओढ."

त्यानं ओढली. दोरी करकरली, पण तुटली नाही. डोहातून जड काहीतरी वळवळत आलं आणि वाळूवर आदळलं. हातभर लांब, चिकट अंगाचा, हनुवटीला एकच मिशी असलेला नलीम मासा. पलागनं ओंडक्याचा तुकडा उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला.

मासा पहिल्याच फटक्यात मेला. तिनं दुसरा घातला. मग तिसरा. डोक्यावरचा रुमाल सुटून खांद्यावर आला, वाळू उडून तिच्या तोंडात गेली, तरी ती मारतच राहिली.

रोदिओन दोरी हातात धरून उभा होता. त्यानं तिला थांबवलं नाही.