तिशीचा वर्ग

"पाच वर्षांपासून ऐंशीपर्यंत सगळ्यांच्या धर्मशिक्षणाची सोय केलीय," प्रार्थनामंदिराच्या फळ्यासमोर उभे राहून जयवंतकाका म्हणाले. बालवर्ग, युवावर्ग, ज्येष्ठांचं चिंतन. आमच्या पाचही गावांतल्या प्रार्थनासमाजांना हीच योजना लागू होणार होती.

"आणि तिशीतल्यांचं काय?" मी विचारलं.

"तुम्ही शिकवणार ना!"

मी कपाळावर हात मारला. "काका, मला काय येतंय? काल माझ्या शर्वरीने विचारलं, आपल्याकडे मूर्तीच नाही, मग देव ऐकतो कुठल्या कानांनी? मी तिला कार्टून लावून दिलं. पुन्हा विचारलं तर काय सांगू, हे शिकायला मी इथे आलेय!"

"शिकवता शिकवता येतं हो सगळं."

"असं कसं येतं?" माझा आवाज चढला. मांडीवरची शर्वरी दचकली.

वर्षानुवर्षं बालवर्ग घेणाऱ्या इंदूताई माझ्याजवळ सरकल्या. "मलाही असंच शिकवायला बसवलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "पोरांना ठासून उत्तर द्यायचे आणि घरी जाताना स्वतःलाच विचारायचे, खरं सांगितलं का?"

मग त्यांनी फळ्याकडे बघत आवाज दिला, "जयवंता, तिशीचा वर्ग काढ. आणि माझं नाव विद्यार्थ्यांत घाल."